तांब्याचा बंब सुरक्षितपणे कसा साफ करायचा? रोजची, आठवड्याची आणि हंगामाची देखभाल

थंडी पडली की गावाकडच्या घरात बंब पुन्हा पेटतो. पहाटेचा धूर, लखलखणारं तांबं, बादलीतून निघणारी वाफ, सगळं एकदम फोटोजेनिक! तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकलेला असणार. पण हा बंब आतून शेवटचा कधी साफ केला होता, असं घरात विचारून बघा. बाहेरून सगळेच घासतात. आतून कोण घासतं, हे मात्र कुणालाच आठवत नाही.

मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. एका डिसेंबरात आजोळी गेले होते. अवकाळी पाऊस आला म्हणून परसातला बंब नव्या बाथरूममध्ये आणून पेटवला. मावसभाऊ आंघोळीला गेला आणि बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. दार वाजवलं तर आतून अडखळत आवाज आला, "डोकं गरगरतंय." दार उघडून त्याला अंगणात आणून बसवलं, मग दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. नंतर बंब उघडून पाहिला तेव्हा जाळीपर्यंत राख साचलेली होती आणि नळकांडं काजळीने निम्मं भरलेलं होतं. आजी म्हणाली, "अगं, चाळीस वर्षं हाच बंब वापरतोय, कधी काही झालं नाही."

आजीचं खरं होतं. बंब तोच होता, पण न्हाणी बदलली होती. जुन्या न्हाणीला कौलं होती, भिंतीवर फट होती, खाली उघडी मोरी होती. नव्या बाथरूमला स्लॅब, टाईल्स आणि घट्ट बसणारी खिडकी. म्हणूनच आजच्या लेखात आपण बंबाची साफसफाई आणि सुरक्षितता एकत्रच पाहणार आहोत. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच.

बंब काम कसा करतो?

साफ करण्याआधी आतली रचना समजून घेऊ. बंब म्हणजे उभं, गोल, पायांवर उभं राहणारं भांडं. त्याच्या मधोमध खालून वरपर्यंत एक नळकांडं असतं. या नळकांड्याच्या तळाशी जाळी असते, तिच्यावर लाकूड जळतं. राख जाळीतून खाली पडते आणि धूर वरून बाहेर जातो. नळकांडं आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये पाणी असतं. म्हणजे विस्तव मधे आणि पाणी त्याच्याभोवती. भांड्याखाली जाळ करण्यापेक्षा ही रचना कितीतरी चांगली, कारण उष्णता बाहेर पडताना चारी बाजूंनी पाण्यालाच भेटते.

तांबंच का? कारण तांब्यातून उष्णता फार झटकन जाते, स्टेनलेस स्टीलपेक्षा पंचवीसेक पटीने जास्त. आजकाल पत्र्याचे आणि स्टीलचे बंबही मिळतात. त्यांची रचना साधारण हीच असते, त्यामुळे खालची बहुतेक माहिती त्यांनाही लागू पडते.

थोडं गणित करू. २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ३,४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत हे जवळपास एक युनिट झालं. चांगलं वाळलेलं एक किलो लाकूड साधारण १६,००० किलोज्यूल देतं. समजा निम्मी उष्णता धुराबरोबर वाया गेली, तरी ४०० ते ४५० ग्रॅम लाकडात काम व्हायला हवं. तुमच्याकडे एका बादलीला दोन-तीन किलो सरपण लागत असेल, तर एक तर लाकूड ओलं आहे किंवा नळकांडं काजळलेलं आहे.

काजळी का साचते?

लाकूड पूर्ण जळलं की उरते राख, वाफ आणि कार्बन डायऑक्साईड. हवा कमी पडली किंवा लाकूड ओलं असलं की ते अर्धवट जळतं. त्या धुरात कोळशाचे बारीक कण आणि डांबरासारखा चिकट भाग असतो. बंबाच्या नळकांड्याभोवती पाणी असल्यामुळे त्याची भिंत बाकी चुलींच्या धुराड्यांपेक्षा थंड राहते. गरम धूर थंड भिंतीला लागला की हा चिकट भाग तिथेच बसतो. म्हणून बंब इतर चुलींपेक्षा लवकर काजळतो.

काजळी वाढली की तीन गोष्टी होतात. एक, पाण्याला उष्णता कमी मिळते. दोन, धुराची वाट अरुंद होते, त्यामुळे खालून हवा कमी ओढली जाते आणि लाकूड आणखी वाईट जळतं. तीन, अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू जास्त तयार होतो. म्हणजे घाण बंब स्वतःच स्वतःला जास्त घाण करतो, आणि धोकादायकही.

सुरुवात करण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

१. बंब पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका. रात्री वापरला असेल तर साफसफाई दुसऱ्या दिवशी दुपारी करा.

२. राख थंड दिसते, पण असतेच असं नाही. पूर्वी रात्री निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि सकाळी त्याच विस्तवावर चूल पेटवायचे, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. राख हे निखाऱ्याचं पांघरूण आहे. वरून गार आणि आत लाल!

३. नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. लाकडाची राख पाण्यात मिसळली की क्षारयुक्त द्रव तयार होतो, तो डोळ्यात गेला तर चांगलीच इजा होते. गेलाच तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

४. घरातला व्हॅक्यूम क्लीनर राखेसाठी वापरू नका. एखादा निखारा आत गेला तर पिशवी पेटते.

साहित्य काय लागेल? लोखंडी घमेलं, छोटं फावडं किंवा जुना झारा, लांब काठी, गोणपाटाचा तुकडा, काथ्याचा किंवा नायलॉनचा लांब ब्रश, चिंच, मीठ आणि जुनी वर्तमानपत्रं. तांब्याच्या बंबाला लोखंडी तारेचा ब्रश लावू नका. तांबं मऊ असतं, त्यावर ओरखडे पडतात आणि सांधे कमजोर होतात.

रोजचं काम (५ मिनिटं)

पेटवण्यापूर्वी कालची राख लोखंडी घमेल्यात काढा. जाळीच्या फटी मोकळ्या आहेत का ते काठीने बघा. हवा याच फटीतून वर जाते. राख प्लास्टिकच्या बादलीत टाकू नका. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्याच्या भिंतीला लागून किंवा उकिरड्यावरही टाकू नका. घमेल्यात थोडं पाणी शिंपडून, ढवळून, मोकळ्या जागी ठेवा. पाणी शिंपडताना तोंड लांब ठेवा, कारण वाफ आणि राख एकदम वर येते.

मग पाणी बघा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: आधी पाणी, मग काडी. नळकांड्याच्या मागे पाणी आहे तोवर तांब्याचं तापमान पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा फार वर जात नाही. पाणी संपलं की ते भराभर चढतं, झाळलेले सांधे वितळतात आणि बंब गळायला लागतो. काही बंबांना खाली तोटी असते. त्यात शेवटचा आंघोळ करणारा सगळं पाणी काढून घेतो आणि खाली विस्तव चालूच राहतो. काही बंबांत वरून गार पाणी ओतलं की बाजूच्या नळीतून गरम पाणी बाहेर येतं, तो प्रकार या बाबतीत जास्त सुरक्षित. तोटीच्या बंबासाठी घरात एकच नियम करा: एक बादली काढली की एक बादली ओतायची.

चुकून कोरडा बंब तापलाच तर? घाईने गार पाणी ओतू नका. एकदम वाफ होऊन ती तोंडावर येते आणि सांधे तडकतात. चिमट्याने लाकडं बाहेर ओढा आणि बंब आपोआप गार होऊ द्या.

झाकणावर दगड किंवा वजनही ठेवू नका. "पाणी लवकर तापतं" म्हणून काही जण ठेवतात. वाफेला वाट हवीच.

आठवड्याचं काम (२० मिनिटं)

आता नळकांडं. खाली वर्तमानपत्र अंथरा. काठीच्या टोकाला गोणपाट घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा आणि वरून खाली घासत न्या. वरून घासायचं म्हणजे काजळी खाली पडते, अंगावर येत नाही. घासत असताना खालून तोंड घालून बघू नका. झाल्यावर खाली छोटा आरसा ठेवा, वरून फोनचा टॉर्च मारा आणि आरशात बघा. आतली गोल भिंत सगळीकडून दिसते का? मग झालं.

काजळी भुरभुरीत आणि कोरडी असेल तर उत्तम, ती गोणपाटानेच निघते. ती चकचकीत, काळ्या डांबरासारखी असेल तर ओल्या लाकडाचा परिणाम आहे. ती खरवडायला सुरी किंवा पारई वापरू नका. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून त्यात बुडवलेलं गोणपाट तासभर आत गुंडाळून ठेवा, मग घासा. तरीही निघाली नाही तर तांबटाला दाखवा. डांबर "जाळून टाकू" म्हणून मोठा जाळ करणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण हा थर स्वतः पेट घेतो.

बाहेरून घासायला चिंच आणि मीठ पुरेसं आहे. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. पितांबरीसारखी पावडरही चालते. हिरवट थर दिसला, ज्याला आपण कळकणं म्हणतो, तर तो कोरडा खरवडू नका. त्याची धूळ पोटात जाणं चांगलं नाही. आधी ओला करा, मग चिंचेने काढा आणि हात साबणाने धुवा.

महिन्याचं काम: आतले क्षार काढणं

बोअरचं पाणी असेल तर आतल्या बाजूला पांढरट, खरखरीत पापडी धरते. हे मुख्यतः कॅल्शियमचे क्षार. पाणी तापताना खळखळण्याऐवजी तडतड आवाज येत असेल किंवा तोटीतून पांढरे कण येत असतील तर पापडी जाड झाली आहे असं समजा.

उपाय सोपा आहे. दहा लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, विरघळवा. पापडी जिथपर्यंत आहे तिथपर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा, तासभर थांबा. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साईड आहे. मग सगळं पाणी काढून दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे पाणी तापवू नका आणि जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नका.

टॉयलेट क्लीनर चालेल का? नाही. त्यातलं तीव्र ॲसिड तांबं आणि सांधे दोन्ही खातं. आणि ते ब्लीचिंग पावडरसोबत मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा ठरू शकतो.

बंब गळतोय की घामेजलाय?

बऱ्याच जणांची ही तक्रार असते: "पेटवल्यावर खालून पाणी ठिबकतं." प्रत्येक वेळी ती गळती नसते. लाकडातल्या पाण्याची वाफ थंड नळकांड्यावर जमते आणि काळपट थेंब होऊन खाली पडते. पाणी तापलं की ते थांबतं.

खात्री करायची तर बंब न पेटवता पूर्ण भरा, बाहेरून आणि नळकांड्यातून कोरडा पुसा, खाली वर्तमानपत्र ठेवा आणि अर्धा तास थांबा. कागद ओला झाला तर गळती आहे. सांध्यावर एम-सील लावून विस्तवाजवळ ठेवू नका, तांबटाकडून झाळून घ्या. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून या कामासाठी ओळखली जाते. तुमच्या तालुक्याच्या बाजारातही भांडी दुरुस्त करणारे असतील, त्यांना विचारा. जाळी जळून वाकली असेल तर बिडाची नवी बसवा.

काय जाळायचं, काय नाही?

वाळलेलं लाकूड, करवंट्या, सोडणं, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या चालतात. दोन लाकडं एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, दबका आला तर ओलं. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणीही असू शकतं, ते आधी उकळून जाण्यातच आच खर्च होते. सरपण पावसाळ्याआधी भरून, जमिनीपासून उंच, हवा खेळेल असं रचा.

प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, पीव्हीसी पाईप, प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूड अजिबात नको. त्यांच्या धुरात विषारी पदार्थ असतात. पीव्हीसीच्या धुरातलं ॲसिड तर तांब्यालाही खातं. पेटवायला रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका. नळकांडं म्हणजे उभी नळी आहे, भडका थेट तोंडाकडे येतो.

कार्बन मोनॉक्साईड: न दिसणारा धोका

हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अशक्तपणा ही सुरुवातीची लक्षणं. माणसाला वाटतं, पित्त झालंय. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. लालबुंद निखारे बिनधुराचे दिसतात, पण हा वायू तेच सोडत असतात.

म्हणून बंब बाहेर पेटवा: परसात, पडवीत, उघड्यावर. गरम पाणी बादलीने आत न्या. पाऊस असेल तर बंबावर पत्र्याचं छप्पर करा, पण तीन बाजू उघड्या ठेवा. बंद बाथरूममध्ये पेटता बंब किंवा निखारे ठेवून आंघोळ कधीच करू नका.

कुणाला त्रास झालाच तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. "आता बरं वाटतंय" म्हटलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि बंब पेटलेला होता हे सांगा.

यात फोन काय मदत करू शकतो?

आमच्या मावसभावाने बरं वाटल्यावर पहिलं काम काय केलं असेल? कार्बन मोनॉक्साईड ओळखणारं ॲप शोधलं! तर मित्रांनो, नेहमीच्या स्मार्टफोनमध्ये हा वायू ओळखणारा सेन्सरच नसतो. सेन्सर नाही तर ॲप काय मोजणार?

दुसरा गैरसमज ऑक्सिमीटरचा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर किंवा स्मार्टवॉच प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन मोजतं. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही स्क्रीनवर ९८ दिसू शकतं. आकडा चांगला दिसला म्हणून घरी बसून राहू नका.

वेगळा कार्बन मोनॉक्साईड अलार्म मात्र मिळतो. शेकोटी, बंब किंवा गॅस गिझर वापरणाऱ्या घरात तो असणं चांगलं. बाथरूमच्या वाफेने तो बिघडतो, म्हणून लगतच्या खोलीत, सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे बसवा. पण अलार्म आहे म्हणून बंब आत आणायचा नाही.

फोनचा खरा उपयोग साधा आहे. दर रविवारी नळकांडं साफ करण्याचा रिमाइंडर लावा. साफ केल्यावर आरशातल्या नळकांड्याचा फोटो काढा आणि मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडून बघा. काजळी वाढतेय की कमी होतेय, लगेच कळतं. बंब पेटवला की २० मिनिटांचा टायमर लावा, वाजला की पाणी बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बंबाला आतून कल्हई करावी लागते का?
आंघोळीच्या पाण्यासाठी नाही. पण बंबातलं पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नका.

लहान मुलांसाठी काय काळजी घ्यावी?
बादलीत आधी गार पाणी घ्या, मग बंबातलं. उलटं केलं तर मूल उकळत्या पाण्यात हात घालतं. तोटीच्या उंचीवर मुलांचा चेहरा येतो, हेही विसरू नका.

राख झाडांना घालता येते का?
फक्त लाकडाची, पूर्ण गार झालेली आणि थोडी. राख अल्कधर्मी असते, जास्त झाली तर मातीचा पोत बिघडतो.

हंगाम संपल्यावर बंब कसा ठेवायचा?
राख आणि काजळी पूर्ण काढा, पाणी काढून उलटा करून वाळवा, सुती कापडाने झाका. प्लास्टिकमध्ये गुंडाळलात तर आत दमट होऊन तांबं कळकतं.

शेवटी इतकंच

आजीच्या घरी आता बंब पुन्हा परसात आहे, वर पत्रा टाकून. रविवारी नळकांडं घासायचं काम मावसभावाकडे आहे आणि फोटो फॅमिली ग्रुपवर येतो. आजी तो फोटो झूम करून बघते आणि डाग राहिला असेल तर परत पाठवते.

यंदा गावी गेलात की बंबाचा बाहेरचा फोटो काढण्याआधी आत टॉर्च मारून बघा. आणि तो न्हाणीत पेटवत असतील तर घरच्यांशी आजच बोला. लेख उपयोगी वाटला तर घरातल्या ग्रुपवर नक्की शेअर करा!